कोपरे आधी

लहानपणी मला केर काढायचा भारी कंटाळा होता. लालबागच्या चाळीतली आमची एकच खोली, पण सामान चार खोल्यांचं. मी मधोमध झाडू फिरवून मोकळी व्हायचे. आई स्टोव्हकडे तोंड करून बसलेली असायची, तरी तिला बरोबर कळायचं.

"कोपरे आदी," ती म्हणायची. "मधला काय, कोणय झाडता."

मग पलंगाखालचा, पिंपामागचा, दाराच्या पाठचा असे सगळे कोपरे काढून झाल्यावरच मधे यायची परवानगी मिळे. त्या कोपऱ्यांत काय वाट्टेल ते सापडायचं. भावाच्या गोट्या, बाबांच्या गिरणीच्या डब्याचं झाकण, एकदा तर माझी हरवलेली कानातली रिंग. ज्या रिंगेसाठी मी दोन धपाटे खाल्ले होते, ती पिंपामागे सुखात पडली होती. तरीही आईचं ते वाक्य मला जाचच वाटायचं. मालवणी बायकांना स्वच्छतेचं जरा जास्तच वेड असतं, अशी माझी समजूत होती.

पुढे मी डॉक्टर झाले आणि त्यातही रेडिऑलॉजी घेतली. म्हणजे पेशंटचे एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी वाचायचे आणि आत काय चाललंय ते लिहून द्यायचं. चाळीत हे कुणाला पटेना. इंजेक्शन देत नाही, नाडी धरत नाही, ही कसली डॉक्टरीण? आमच्याकडे एक्स-रेला सगळे फोटोच म्हणतात, तेव्हा एका शेजारणीने आईला सरळ विचारलं होतं, पोरगी इतकी शिकून फोटो स्टुडिओत का लागली? आईने तिला काय उत्तर दिलं ते ठाऊक नाही, पण त्यानंतर आमच्याकडून त्या घरी सोलकढी जाणं बंद झालं.

परळच्या इस्पितळात मी गेली कित्येक वर्षं शिकवते आहे. छातीचा फोटो वाचायला शिकवणं हे माझं आवडतं काम. नवीन मुलं फोटो समोर आला की थेट फुप्फुसाच्या मध्यावर उडी मारतात. तिथे काही दिसलं की खूश, नाही दिसलं की "नॉर्मल" लिहून पुढे. जे निसटतं ते बहुतेक कडेलाच असतं. गळ्याच्या हाडाआड, छाती-पोटामधल्या पडद्याच्या खाली, खांद्याच्या टोकाला आणि सगळ्यात लबाड जागा म्हणजे हृदयाच्या सावलीमागे. एके दिवशी एका हुशार मुलाने अशीच उडी मारली आणि माझ्या तोंडून आईचं वाक्य तिच्याच सुरात निघालं. कोपरे आधी, मधलं कोणीही झाडतं. माझा स्वभाव मुळात तिखट, त्यामुळे मुलं दचकली. पण वाक्य त्यांच्या डोक्यात बसलं, पुस्तकातली लांबलचक यादी कधीच बसली नव्हती.

करोनाच्या टाळेबंदीत वर्ग फोनवर गेले तेव्हा सगळं बदललं. मुलं आपापल्या गावी अडकलेली, फोटो मात्र ढिगाने येत होते. मी माझ्या फोनवर एक छोटी फीत, म्हणजे व्हिडिओ, केली. स्क्रीनवर फोटो, त्यावर फिरणारा बाण आणि माझा आवाज. ती मुलांनी त्यांच्या मित्रांना पाठवली, मित्रांनी आणखी कुणाला. लोकांनी आणखी मागितल्या, मी करत गेले. आता दर रविवारी एक फोटो टाकते, सोबत चार वाक्यांची फीत. नाव-गाव पुसलेला, पेशंटची परवानगी घेतलेला. लोक उत्तरं पाठवतात, मग मी दुसरी फीत करून समजावते. दुर्मीळ आजार दाखवून टाळ्या घेणारे खूप आहेत. मी साधे फोटो दाखवते, रोज येणारे, ज्यात चूक होते ते.

माझ्या फितींना स्टुडिओ वगैरे नाही. रिपोर्टिंगच्या खोलीत किंवा घरी बसून बोलते. गणपतीच्या आधीचा महिना असला तर पाठीमागे ढोल-ताशांची तालीम ऐकू येते. आसामच्या एका डॉक्टरने विचारलं होतं की मॅडम, तुमच्याकडे दर वर्षी याच सुमारास बांधकाम निघतं का? मी हिंदीत आणि इंग्रजीत मिळून बोलते, पण "कोपरे" हा शब्द मी कधी बदलला नाही. त्यामुळे झालं काय, नेपाळपासून केनियापर्यंत माणसं उत्तराच्या शेवटी लिहू लागली, कोपरे क्लिअर. कुणीतरी नवीन विचारतो की हे कोपरे काय प्रकरण आहे, आणि माझ्या आधी दुसराच कुणी उत्तर देतो. एकाने लिहिलं होतं की कोपरे म्हणजे कोपरेच, पण आईच्या आवाजात. तो मुलगा ओडिशाचा. त्याला माझी आई ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

मला अभिमान वाटतो का? वाटतो. उगाच विनय कशाला दाखवू? ज्या गावात रेडिऑलॉजिस्टने पाऊल ठेवलेलं नाही तिथला डॉक्टर पिंपामागे बघायला शिकला आणि ते मी शिकवलं, हे आठवलं की मी दिवसभर हवेत असते.

घरी मात्र पिकतं तिथे विकत नाही. आमची चाळ आता टॉवर झाली आहे आणि तिथे आई भावाकडे राहते. मी दादरला. शिवाजी पार्कला सकाळी फिरून झालं की पुष्कळदा लालबागला चक्कर टाकते, तिथून परळ जवळच. आई मला फोनसमोर बोलताना बघायची आणि तोंड वाकडं करायची. "समोर माणूस नाय, काय नाय, आणि बडबडतंस कोणाक?" तिच्या लेखी शिकवणं म्हणजे समोर पोरं हवीत, हातात छडी हवी. भाऊ म्हणायचा, आमची ताई यूट्यूबवाली झाली. फीत मात्र दोघांनीही एकदासुद्धा शेवटपर्यंत पाहिलेली नव्हती.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं. पण गेल्या उन्हाळ्यात मसाल्याचे दिवस आले.

लालबागला एप्रिल-मे म्हणजे मिरच्यांचे दिवस. गल्लीत मिरच्यांचे लाल डोंगर, मसाला कुटणाऱ्या डंकाचा दणदणाट आणि भाजलेल्या मसाल्याचा असा ठसका की दुसऱ्या गल्लीतला माणूस शिंकतो. टॉवर झाला तरी आई वर्षाचा मालवणी मसाला स्वतः भाजते, डंकावर उभी राहून कुटून घेते. त्या दिवसांत आमच्या घरात सगळेच खोकतात. खोकला आला की मिरच्या आल्या म्हणतात, एवढं ते अंगवळणी पडलंय. आईही खोकत होती. मी स्वतः डॉक्टर, छातीच्या फोटोंवर जगाला ज्ञान देणारी, तिच्या शेजारी बसून खोकत होते आणि म्हणत होते की औंदा बेडगी मिरची जरा झणझणीत आहे.

ध्यानात आलं ते वहिनीच्या. मसाला बरण्यांत जाऊन बसला, बरण्यांवर फडकी बांधली गेली, सगळ्यांचे घसे साफ झाले. आईचा खोकला तेवढा राहिला. वहिनीने मला विचारलं नाही की भावाला. आईला घेऊन ती खालच्या एक्स-रेवाल्याकडे गेली आणि छातीचा फोटो काढून आली.

भावाने तो मला दुपारी पाठवला. मी परळला रिपोर्टिंगच्या खोलीत होते. मला दिवसभर जगभरातून फोटो येतात, म्हणून फोनवर ते आपोआप उघडत नाहीत अशी सोय करून ठेवली आहे. धूसर चौकोन दिसतो आणि मध्ये खाली जाणारा बाण. बाणावर बोट ठेवलं की फोटो उघडणार. खाली भावाचा मजकूर, आईचा आहे, बघ आणि सांग.

मी बोट ठेवलं नाही.

आमच्या धंद्यात एक जुना दंडक आहे आणि मी तो प्रत्येक तुकडीला पहिल्या आठवड्यात शिकवते. घरच्या माणसाचा फोटो घरच्याने वाचायचा नाही. डोळ्याला जे हवं असतं तेच दिसतं. मनात भीती असली तर नसलेली गाठ दिसते, मनात आस असली तर असलेली गाठ गायब होते. यावर माझी एक आख्खी फीत आहे. आता तो चौकोन माझ्या हातात होता आणि मला काय हवं होतं ते मला स्वच्छ कळत होतं. मला नॉर्मल हवं होतं. म्हणजे मी वाचलं असतं तर नॉर्मलच वाचलं असतं.

संध्याकाळी मी लालबागला पोचले तेव्हा भावाचा पारा चढलेला होता. त्याचं म्हणणं, जगातल्या पोरांचे फोटो तू फुकट बघतेस आणि आईचा उघडत नाहीस, ही कसली तुझी तत्त्वं? त्या एक्स-रेवाल्याकडे तर वाचणारा डॉक्टरसुद्धा बसत नाही, फोटो काढून कुठे बाहेरगावी पाठवतात. कोण वाचणार, कुणास ठाऊक. मी म्हटलं की रिपोर्ट येऊ दे, मग इस्पितळात माझ्या सहकाऱ्यांना दाखवू. तो म्हणाला, तोवर आईने खोकत बसायचं? खरं सांगते, बाणावर बोट ठेवायला एक क्षण लागला असता. आई मधे बसून लसूण सोलत होती. ती एवढंच म्हणाली की तिचा काम ती जाणता, तू गप.

आणि भावाचा फोन वाजला. नंबर अनोळखी. त्याने स्पीकर लावला.

पलीकडे मुलीचा आवाज. तिने आईचं नाव घेऊन तुम्ही त्यांचे कोण म्हणून विचारलं आणि सांगितलं की मी त्यांचा छातीचा फोटो वाचणारी डॉक्टर, विदर्भातून बोलतेय. बोलण्यात चंद्रपूरकडचा 'जी' होता. रिपोर्ट पाठवते आहे, पण नुसता कागद पाठवून भागणार नाही म्हणून फोन केला. तेवढ्यावरच माझे कान टवकारले. नको ते दिसलं तर रिपोर्ट लिहून मोकळं व्हायचं नाही, फोन करायचा, हे मी शिकवते. अर्थात शिकवणारी मी एकटी नाही, म्हणून मी गप्प राहिले.

"काका, घाबरू नका जी," ती म्हणाली. "फोटो पहिल्या नजरेत साफ आहे. पण आमच्या मुंबईच्या एक मॅडम आहेत, त्या सांगतात, कोपरे आधी बघा, मधलं कोणीही झाडतं. म्हणून मी हृदयाच्या मागे बघितलं. तिथे डाव्या बाजूला लहानशी सावली आहे. ती काय आहे ते फोटोवरून सांगता येत नाही. आठवड्याच्या आत सीटी करून घ्या. लांबवू नका."

मला भीती वाटली, आणि त्याच क्षणी इतका अभिमान दाटून आला की मला रडू फुटलं. आधी काय आलं ते मी आजही सांगू शकणार नाही. माझ्या आईच्या छातीत सावली होती. आणि ती शोधणारी मुलगी माझी होती, जिला मी कधी पाहिलं नव्हतं.

भाऊ माझ्याकडे बोट दाखवून तोंड उघडायला गेला. मी त्याचा दंड असा चिमटला की तो कळवळला. मला बोलायचं नव्हतं. माझा आवाज तिने ओळखला असता. एकदा मी कोण ते कळलं की ती म्हणणार, मॅडम, तुम्हाला काय वाटतं? आणि मग वाचणारी ती उरणार नाही, मीच होणार. तिची नजर स्वच्छ होती, ती मला तशीच हवी होती. मी बोटांनी खुणा करून भावाला प्रश्न सुचवले. किती मोठी आहे? कडा कशी आहे? तिने एकेकाचं नीट, सावकाश उत्तर दिलं. जे माहीत नव्हतं तिथे माहीत नाही म्हणाली. मी मनातल्या मनात तिला पैकीच्या पैकी गुण दिले.

आईने लसूण खाली ठेवला होता. "कोण गो ही?" ती मोठ्याने म्हणाली. "माझा बोलणा हिका कोणी सांगला?"

"आजी आहेत का जी तिथे?" पलीकडून आवाज आला. "आजी, काळजी करू नका. वेळेत सापडलंय." आणि फोन ठेवला.

आई माझ्याकडे बघत राहिली. मी पदराने डोळे पुसत होते. तिने विचारलं, तू जिच्याशी बडबडतंस त्या फोनात, ती हीच? मी म्हटलं, हीच, आणि हिच्यासारख्या पुष्कळ. ती पुन्हा लसूण सोलायला लागली. पण त्या संध्याकाळी पहिल्यांदा तिने मला तू जेवून जा असं न म्हणता, तू आज राह असं म्हटलं.

सीटी परळला झाला. तो माझ्या सहकाऱ्याने वाचला आणि मी बाहेर बाकड्यावर बसले, नातेवाईक बसतात तशी, आईची पिशवी मांडीवर घेऊन. गाठ होती आणि तपासात ती कॅन्सरचीच निघाली. पण लहान होती आणि जागची हललेली नव्हती. सर्जन म्हणाले की पुढच्या उन्हाळ्यात आला असतात तर आपलं बोलणं वेगळं झालं असतं. फुप्फुसाचा एक भाग काढावा लागला. आई सत्तरी उलटलेली, आम्ही हवालदिल झालो होतो, पण ती बाई तिसऱ्या दिवशी वॉर्डातल्या मावशीला सांगत होती की खाटेखालचा नीट पुसला नाय. तेव्हा मी ओळखलं की आता ही घरी येते.

पुढचा तपास साफ आल्यावर मी आईला विचारलं, तुझा फोटो रविवारी लावू का? तिला त्याचा अर्थ कळायला वेळ लागला. मी तिला बाजूला बसवून संगणकावर दाखवलं. तो फोटो मी तेव्हा कुठे पहिल्यांदा नीट पाहिला. हृदयाच्या मागची ती सावली इतकी फिकट होती की भलेभले चकले असते. मग मी नेहमीसारखं फोटोच्या कोपऱ्यातलं नाव पुसलं.

"काय पुसलंस ता?"

"तुझं नाव. कुणाचंच ठेवत नाही."

तिला ते फारसं रुचलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुठे छापून आलं होतं, तेही लेकीने पुसलं. पण परवानगी दिली. मी बोलायला सुरुवात केली तशी ती मागून म्हणाली, "मोठ्यान बोल गो. मागच्यांका ऐकाक येवचा नाय." तिच्या डोळ्यांपुढे अजून वर्गच होता, पोरांनी भरलेला. ते वाक्य फितीत आलं. मी काढून टाकलं नाही.

रविवारी उत्तरं यायला लागली. कुणाला सावली दिसली, कुणाला नाही. त्यांत विदर्भातल्या त्या मुलीचं उत्तर नव्हतं. तिने मला वेगळा निरोप पाठवला होता. फोटो वाचणाऱ्याला फोटो चेहऱ्यासारखा लक्षात राहतो. तिने लिहिलं होतं, मॅडम, हा मी वाचलेला आहे. त्या दिवशी फोनवर एक आजी बोलल्या होत्या. तुमच्या फितीत मागून येणारा आवाज त्यांचाच आहे. त्या तुमच्या कोण?

मी लिहिलं, माझी आई. आणि ते वाक्यही तिचंच.

पलीकडून आलं, मॅडम, आधी सांगितलं असतं तर माझी नजर थरथरली असती. मी लिहिलं की म्हणूनच नाही सांगितलं. त्यावर ती म्हणाली की मी आता रडतेय, आजींना काय सांगू ते सुचत नाही.

आई शेजारी तांदूळ निवडत होती. काय म्हणता ती, तिने विचारलं. मी सगळं वाचून दाखवलं. तिने ताटाच्या कडेचे खडे वेचून टाकले आणि मान वर न करता म्हणाली, "तिका सांग, बरा झाडलंस म्हणान."

लालबागच्या त्या खोलीत इतकी वर्षं मी केर काढला, मला हे कधी ऐकायला मिळालं नव्हतं. मी ते आहे तसं मालवणीत टाइप केलं आणि पाठवून दिलं. आईने मग माझ्या हातातला फोन बाजूला केला, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "तूय."